उतारवयातला उद्योग आणि उमेद



शाळामास्तर निवृत्त झाला म्हणजे त्याचा निरोपसमारंभ होतो. हार घालतात. शाल आणि नारळ देतात. चार माणसे चार चांगले शब्द बोलतात. २०१६ सालच्या एप्रिल महिन्यात माझाही असाच समारंभ झाला. मी जुना मॅट्रिक. नोकरी लागली तेव्हा आपला भाग धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला. दोन्ही जिल्ह्यांच्या शाळांत मी शिकवले आणि मुख्याध्यापक म्हणून घरी आलो.

पण शेतकऱ्याचा निरोपसमारंभ कोण करतो? कोणी नाही. एक दिवस मुलगा त्याच्या हातातून औत घेतो आणि म्हणतो, "बाबा, तुम्ही बसा. मी पाहतो." झाला त्याचा समारंभ! ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या माणसाला एका वर्षी मुकादम उचल देत नाही. झाला त्याचाही समारंभ! पेन्शन असो वा नसो, हातातले काम सुटण्याची वेळ सर्वांवर येते.

आणि बाईमाणसाचे? तिला तर निवृत्तीच नाही. सून आली तरी चूल सुटते, पण काम सुटत नाही.

म्हणून हा धडा फक्त पेन्शनवाल्यांसाठी नाही. पन्नाशी-साठी उलटल्यावर ज्याला काही लहानसा उद्योग करावा असे वाटते, अशा सर्वांसाठी आहे. कोणी मिरचीची भुकटी करील. कोणी शेळ्या पाळील. कोणी टोपल्या विणील. कोणी धडगावकडे आमचूर वाळवील. कोणी चार शिलाई यंत्रे मांडील. धंदा सुरू करणे फार कठीण नाही. कठीण आहे ते पुढेच. पहिला उत्साह ओसरला म्हणजे काय करायचे? उमेद कशी टिकवायची? तेच आज पाहू.

उमेद का खचते?

नोकरीत किंवा मजुरीत असताना आपल्याला कोणीतरी उठवत असते. शाळेची घंटा होते. मुकादम हाक मारतो. बैल दावणीला हंबरतो. महिना भरला की पगार येतो. आठवडा भरला की मजुरी मिळते. आपल्याला वाटते, आपण आपल्या बळावर उठतो. तसे नसते. घंटा आपल्याला उठवते.

स्वतःच्या धंद्यात घंटा नाही. आज काम केले नाही तरी कोणी विचारत नाही. उद्या केले नाही तरी कोणी विचारत नाही. आणि काम केले तरी पैसा लगेच येतोच असे नाही. आधी खर्च, मग विक्री, मग वसुली. ही वाट लांब आहे. या वाटेवरच उमेद खचते.

दुसरे कारण लोकांचे बोलणे. मी धंदा काढला तेव्हा शेजारी म्हणाले, "गुरुजी, आते कसाले इतला व्याप करतस?" त्यांचा हेतू वाईट नव्हता. माझी काळजीच होती. पण असे बोलणे दहा वेळा ऐकले म्हणजे आपल्यालाही वाटू लागते, खरेच, आता कशाला?

तिसरे कारण शरीर. गुडघे दुखतात. डोळ्यांना कमी दिसते. तरुणपणी जे काम एका दिवसात होई, त्याला आता दोन दिवस लागतात.

आणि चौथे कारण सर्वांत मोठे. ते म्हणजे पहिला तोटा. तरुण माणूस बुडाला तर म्हणतो, पुन्हा कमवीन. म्हातारा माणूस बुडाला तर म्हणतो, आता केव्हा कमवू? या चौथ्या कारणाने मी स्वतः खाली बसलो होतो. ती गोष्ट लाजेची आहे, तरी सांगतो.

माझी गोष्ट

नंदुरबारचा मिरचीचा बाजार तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. दिवाळीच्या सुमारास ओली लाल मिरची येऊ लागते. गावाबाहेरच्या पथाऱ्या लाल होऊन जातात. मिरची पसरायची, वरखाली करायची, डेखे काढायची. हजारो हातांना त्यात काम मिळते. मला वाटले, मिरची आपल्या दारात, कांडप यंत्र आपल्या गावात. मग भुकटी करून पाकिटात भरून का विकू नये?

कल्पना चांगली होती. पण माझ्या अंगात मुख्याध्यापक होता. मुख्याध्यापकाला सल्ला द्यायची सवय असते, घ्यायची नसते. बायको म्हणाली, "अहो, पहिल्या वर्षी दोन क्विंटल घ्या. वाळवून पाहू." तिचा जन्म मिरची वाळवण्यात गेलेला. मी तिचे ऐकले नाही. निवृत्तीच्या पैशातून साठ हजार रुपये काढले. त्यांतल्या चाळीस हजारांची वीस क्विंटल ओली मिरची घेतली आणि खळ्यावर पसरली. ओली मिरची वाळून साधारण चौथा हिस्सा उरते. म्हणजे पाच क्विंटल वाळकी मिरची होणार, असा माझा हिशेब होता.

ते साल होते २०१७. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अरबी समुद्रात ओखी नावाचे चक्रीवादळ आले. रेडिओवर पावसाचा इशारा दिला होता. मी म्हणालो, "समुद्र कुठे आणि आपण कुठे!" ताडपत्र्या पुरेशा घेतल्या नव्हत्या. रात्री पाऊस आला. आम्ही दोघे आणि दोन शेजारी अंधारात मिरची गोळा करीत होतो. किती गोळा होणार? सकाळी पाहिले तर मिरची फुगलेली. चार दिवसांत तिच्यावर बुरशी आली. काळी पडलेली, पांढरी पडलेली मिरची मी हाताने उकिरड्यावर टाकली. एका व्यापाऱ्याने ती थोड्या भावात मागितली होती. मी दिली नाही. बुरशीची मिरची कुणाच्या तरी ताटात गेली असती. त्या साऱ्या प्रकरणात एवढी एकच गोष्ट मी बरोबर केली.

त्यानंतर मी ओट्यावर बसू लागलो. सकाळी बसे तो दुपारपर्यंत. कोणाशी बोलत नसे. रस्त्याने माणूस गेला की वाटे, हा मलाच हसतो आहे. मुलगा म्हणाला, "बाबा, झाले ते झाले. आता पुरे करा." मला ते पटले. सगळे गेले, असेच मला वाटत होते.

एक दिवस बायको वही घेऊन आली. ती चौथी शिकलेली. म्हणाली, "सगळे गेले, सगळे गेले म्हणता. लिहा तरी किती गेले." मी लिहू लागलो. काटा, पाकिटे बंद करायचे यंत्र आणि डबे, चौदा हजारांचे. ते घरातच होते. हळद आणि धने, सहा हजारांचे. तेही घरात होते. चाळीस हजारांच्या मिरचीपैकी चौथा हिस्सा वाचला होता, म्हणजे दहा हजारांची. चौदा, सहा आणि दहा. तीस झाले. साठातले तीस गेले होते आणि तीस घरात होते.

मी गणित शिकवणारा मास्तर. पण एवढी साधी बेरीज मी केली नव्हती. भीतीपोटी केली नव्हती. तोटा मनात ठेवला तर तो वाढत जातो. वहीत लिहिला तर तो आहे तेवढाच राहतो.

वाचलेली मिरची बायकोने पुन्हा वाळवली. मिरची मोडली की कडकन तुटली पाहिजे आणि आत बी खुळखुळले पाहिजे, तेव्हा ती नीट वाळली असे समजावे, हे तिनेच मला शिकवले. तिची भुकटी करून आम्ही पाव-पाव किलोच्या पिशव्या भरल्या.

आता विकायची कशी? पिशवी खांद्याला लावून मी बाजाराला गेलो. पाय उचलत नव्हते. आयुष्यभर लोक माझ्याकडे आले. आता मी लोकांकडे चाललो होतो. पहिले गिऱ्हाईक भेटले ते माझाच जुना विद्यार्थी! त्याने पाया पडून विचारले, "गुरुजी, भाव काय?" मी सांगितला. तो म्हणाला, "दहा रुपये कमी करा ना." माझे तोंड लाल झाले. क्षणभर वाटले, पिशवी उचलावी आणि घरी जावे. मग मनाशी म्हटले, याने माझा अपमान केला का? नाही. तो गिऱ्हाईक आहे, त्याने भाव केला. मी भाव कमी केला नाही. मिरची मात्र त्याच्या हातावर ठेवली आणि म्हटले, "वास घे." त्याने घेतला, आणि दोन पिशव्या नेल्या. पुढच्या बाजारी तो पुन्हा आला.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. मागणे म्हणजे भीक नव्हे. चांगला माल घेऊन दारात उभे राहण्यात कसलीही लाज नाही.

थोरांनीही हेच केले

आपण एकटेच उतारवयात धडपडतो असे समजू नका. थोरामोठ्यांची उदाहरणे पाहा.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा जन्म १८५८ साली कोकणात झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते गणित शिकवीत. १९१४ साली ते निवृत्त झाले. वय झाले होते छप्पन. मग त्यांनी आराम केला का? नाही. १९१६ साली त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. त्यासाठी गावोगाव फिरून लहान-लहान वर्गण्या गोळा केल्या. सत्तरी उलटल्यावर ते परदेशांचा प्रवास करून आले. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापन केले. १९५८ साली, त्यांच्या वयाला शंभर वर्षे झाली तेव्हा, त्यांना भारतरत्न मिळाले. १९६२ साली ते वारले. कर्व्यांनी पैशासाठी धंदा केला नाही हे खरे. पण संस्था उभी करणे हाही मोठा उद्योगच आहे. आणि त्यांची रीत काय होती? एका वेळी एक काम घ्यायचे, थोडे-थोडे जमवायचे आणि रोज चालत राहायचे.

दुसरे उदाहरण धंद्यातले. केशव विष्णु पेंढरकर हे नागपूरकडचे गृहस्थ. त्यांचे किराणा दुकान होते. पुढे ते मुंबईला आले. १९५२ साली परळला राहत्या घरातूनच त्यांनी विको हा उद्योग सुरू केला. झाडपाल्याच्या औषधांपासून दात घासण्याची पावडर केली. तेव्हा ते काही तरुण नव्हते. ही पावडर त्यांनी आणि घरच्यांनी दारोदार जाऊन विकली. आज त्या वज्रदंतीचे नाव खेड्यातल्या दुकानातही दिसते.

तिसरे उदाहरण पार अमेरिकेतले. तिथे सँडर्स नावाचे एक गृहस्थ होते. जन्म १८९० सालचा. केंटकी नावाच्या राज्यात हमरस्त्यावर त्यांची खाणावळ होती. तळलेली कोंबडी हा त्यांचा पदार्थ. खाणावळ चांगली चालत होती. पुढे मोठा नवा रस्ता दुसरीकडून काढायचे ठरले. बाहेरून वळणरस्ता गेला की गावातले चहाचे दुकान कसे बसते, ते आपणही पाहतो. तसेच झाले. १९५६ साली खाणावळ तोट्यात विकावी लागली. वय झाले होते पासष्ट-सहासष्ट. हाती राहिले सरकारकडून मिळणारे थोडे पैसे आणि कोंबडी तळायची रीत. त्यांनी भांडे आणि मसाला गाडीत टाकला आणि गावोगावच्या खाणावळी गाठल्या. "माझ्या रीतीने कोंबडी करून पाहा. खपली तर प्रत्येक कोंबडीमागे मला काही सेंट द्या." असा त्यांचा करार असे. कितीदा ते गाडीतच झोपत. १९६४ साली त्यांनी हा धंदा वीस लाख डॉलरना विकला, तेव्हा त्यांची कोंबडी सहाशेहून अधिक ठिकाणी मिळत होती.

आपण सर्वांनी एवढे मोठे व्हावे असे माझे म्हणणे नाही. पण एक पाहा. सँडर्सकडे खाणावळ राहिली नव्हती, तरी हातातली कला राहिली होती. ती साठ वर्षांनीही जात नाही. आपल्या हातात अशी कोणती कला आहे, तिच्यावरच धंदा उभारावा. माझ्या घरात मिरचीची कला होती. फक्त ती माझ्या हातात नव्हती, बायकोच्या हातात होती. हे ओळखायला मला साठ हजार रुपये लागले.

उमेद टिकवण्याच्या सहा गोष्टी

आता मुद्द्याच्या सहा गोष्टी सांगतो. या पुस्तकातल्या नाहीत. आम्ही दोघांनी करून पाहिलेल्या आहेत.

पहिली गोष्ट : स्वतःची घंटा स्वतः वाजवा. कामाची वेळ ठरवा. आम्ही सकाळी आठ ते बारा काम करतो. दुपारी विश्रांती. चारला थोडे काम, मग बंद. मन लागो वा न लागो, आठला बसायचे. मन आधी लागत नाही. हात आधी लागतात, मग मन लागते. आठवड्यातून एक दिवस सुटीही ठेवा. सुटी नसलेला बैल लवकर थकतो.

दुसरी गोष्ट : बुडाले तरी झोप लागेल एवढाच पैसा घाला. पेन्शनचा, औषधपाण्याचा आणि घरखर्चाचा पैसा वेगळा ठेवा. त्याला हात लावू नका. शेत किंवा घर गहाण टाकून या वयात धंदा करू नका. आणि सावध राहा. निवृत्तीचा पैसा हाती आला की गोड बोलणारी माणसे दारी येतात. "गुरुजी, वर्षात दुप्पट करून देतो," म्हणतात. वर्षात दुप्पट होणारे पीक कोणत्या शेतात येते? अशा माणसाला पाणी पाजावे आणि वाटेला लावावे.

तिसरी गोष्ट : रोज हिशेब लिहा. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च. आपली स्वतःची मजुरीही खर्चात धरा. आपण आता लिहायला शिकलो आहोत. त्याचा पहिला उपयोग इथे आहे.

आमच्या साक्षरता वर्गात बांबूच्या टोपल्या विणणारे एक काका येत. वय साठीच्या पुढे. तीन बांबूंच्या बारा टोपल्या होत. बांबूला एकशे ऐंशी रुपये पडत. विणायला तीन दिवस लागत. व्यापारी घरी येऊन बारा टोपल्या तीनशे रुपयांना नेई. काका खूश असत, कारण तीनशे रुपये एकदम दिसत. आकडे शिकल्यावर त्यांनी पाटीवर हिशेब मांडला. तीनशेतून एकशे ऐंशी गेले. उरले एकशे वीस. तीन दिवसांची मजुरी एकशे वीस, म्हणजे दिवसाला चाळीस! काका बराच वेळ पाटीकडे पाहत बसले. मग म्हणाले, "गुरुजी, टोपली मी विणत होतो आणि आकडा दुसराच विणत होता."

पुढे ते स्वतः आठवड्याच्या बाजारात बसू लागले. एक टोपली पन्नास रुपयांना. बाराचे सहाशे. त्यातून बांबूचे एकशे ऐंशी आणि गाडीभाड्याचे साठ गेले. उरले तीनशे साठ. बाजाराचा दिवस धरून चार दिवस झाले. म्हणजे दिवसाला नव्वद. फार नव्हेत. पण आधीच्या दुपटीहून जास्त. आता काकांना कोणी सांगावे लागत नाही की उमेद धरा. वहीच त्यांना सांगते.

चौथी गोष्ट : लहान पाऊल टाका आणि ते मोजा. "मोठा कारखाना काढीन," असे म्हणू नका. "या आठवड्यात पाच किलो विकीन," असे म्हणा. पाच किलो विकले की मनाला बळ येते. पुढच्या वर्षी आम्ही एका वेळी दोनच क्विंटल मिरची घेतली. ती वाळली, दळली, विकली, मगच दुसरी घेतली. ताडपत्री आधी, मिरची नंतर.

याचा उपयोग कसा झाला पाहा. २५ मार्च २०२० पासून करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली. आठवड्याचे बाजार बंद पडले. घरोघर मसाले करायचे तेच दिवस. त्या उन्हाळ्यात आमची विक्री फारच थोडी झाली. पण या वेळी मी ओट्यावर तोंड पाडून बसलो नाही. माल थोडा होता. कर्ज नव्हते. माल कोरड्या डब्यात नीट बंद करून ठेवला आणि वाट पाहिली. गल्लीतल्या घरांना लागेल तसा दिला. लहान पाऊल टाकणारा घसरला तरी फार खाली जात नाही.

पाचवी गोष्ट : उधारी आवरा. हा मोठा रोग आहे. म्हाताऱ्या माणसाला ओळखी फार. प्रत्येक ओळखीचा माणूस म्हणतो, "लिहून ठेवा." मास्तरला तर पैसे मागायची लाज वाटते. माल संपतो, पैसा येत नाही आणि आपण धंद्यालाच दोष देतो. आम्ही पिशव्यांच्या पेटीवर लिहिले : आज रोख, उद्याही रोख. कोणी रागावले नाही. दोन-चार जण रागावले असतील, तर त्यांचे पैसे तसेही येणार नव्हते.

सहावी गोष्ट : जोडीदार धरा आणि त्याचा वाटा माना. एकट्याची उमेद लवकर विझते. दोघे असले की एक खचला तर दुसरा उठवतो. हा जोडीदार मित्र असेल, बचत गटातल्या बाया असतील, किंवा घरचेच माणूस असेल.

इथे माझी आणखी एक चूक सांगतो. पहिल्या पिशव्यांवर मी माझे नाव छापले होते, "गुरुजींची मिरची" असे. बायको काही बोलली नाही. पण तोट्याच्या वेळी वही तिने आणली. मिरची तिने वाळवली. चव तिची. मग नाव माझे का? पुढच्या वर्षी पिशव्यांवर तिचे नाव आले. बँकेत तिच्या नावाचे पुस्तक निघाले. तिची मजुरी दर महिन्याला त्यात जमा होऊ लागली. पहिल्यांदा पुस्तक हाती आले तेव्हा तिने ते दोनदा वाचले, आणि डब्यात तांदळाखाली ठेवले. माझे भाऊ वाचक असतील त्यांना सांगतो, घरच्या बाईच्या कामाला "मदत" म्हणू नका. ते काम आहे. त्याची मजुरी लिहा.

कायद्याची दोन कामे

उमेद टिकायची तर मागे धाकधूक नको. म्हणून दोन कामे आधी करावीत. खाण्याचा पदार्थ विकायचा असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्यावी. ती लहान धंद्यालाही लागते. पाकिटावर वजन, किंमत, तयार केल्याची तारीख आणि आपले नाव-पत्ता लिहावा. मालात रंग किंवा भेसळ कधीही करू नये. एकदा विश्वास गेला तर या वयात तो पुन्हा कमवायला वेळ नसतो.

माहिती लागली तर विचारायला लाजू नका. नंदुरबारला जिल्हा उद्योग केंद्र आहे. कोळदे येथे कृषि विज्ञान केंद्र आहे. तिथे जावे आणि विचारावे. सरकारी योजना बदलत असतात, म्हणून दुसऱ्याच्या ऐकीव गोष्टीवर जाऊ नये. कागद स्वतः वाचावा. न कळले तर पुन्हा विचारावे. न वाचता अंगठा किंवा सही कुठेही करू नये.

उमेद म्हणजे हट्ट नव्हे

शेवटी एक सावधगिरी. उमेद धरा म्हणजे काहीही झाले तरी सोडू नका, असा अर्थ नाही. वही तीन-तीन हंगाम तोटाच दाखवत असेल तर तो धंदा बदलावा. छातीत दुखत असेल तर पिशवी खाली ठेवावी आणि दवाखाना गाठावा. मला पूर्वीसारखे पायी फिरवत नाही. म्हणून मी बाजार कमी केले. आता दोनच बाजारांना जातो. बाकीचा माल गावातल्या दुकानात ठेवतो. कमी करणे म्हणजे हरणे नव्हे.

आमचा धंदा आजही लहानच आहे. त्यातून माडी बांधली नाही, की गाडी घेतली नाही. नफा निघतो तो नातवंडांच्या वह्या-पुस्तकांना आणि आमच्या औषधाला पुरतो. पण सकाळी आठ वाजले की आम्हा दोघांना कुठेतरी बसायचे असते. कोणीतरी आपली वाट पाहत असते. नंदुरबारच्या बाजारातली एक म्हातारी दर खेपेला विचारते, "मागच्या वेळचीच आहे ना?" मी म्हणतो, "हो, तीच." या दोन शब्दांसाठी माणूस उठून तयार होतो.

उमेद ही चुलीतल्या विस्तवासारखी आहे. रात्री तो राखेखाली जपून ठेवावा लागतो. सकाळी फुंकर घालावी लागते. ज्या घरी रोज फुंकर घालतात, त्या घरी काडी उसनी आणावी लागत नाही.

तुमच्या हाताला काय येते ते आज आठवून पाहा. वहीच्या पहिल्या पानावर ते लिहा. अक्षर वाकडे आले तरी चालेल.

विचार करा आणि सांगा

१. धंद्यात "घंटा नसते" म्हणजे काय?
२. गुरुजींना "सगळे गेले" असे का वाटले? खरे किती गेले होते?
३. टोपल्या विणणाऱ्या काकांना आधी दिवसाला किती मजुरी पडत होती? नंतर किती पडू लागली?
४. तुमच्या घरात कोणाचे काम "मदत" म्हणून मोजले जाते? त्याची मजुरी किती होईल ते लिहा.
५. तुमच्या हातात कोणती कला आहे? तिच्यावर कोणता लहान उद्योग करता येईल?